सिझरनंतरचा पेल्विक फ्लोअर : आधी तपासणी, मग व्यायाम

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

“सिझर झालं, खालून काहीच झालं नाही, मग खालचे व्यायाम कशाला?” हा समज फार पक्का आहे. नॉर्मल बाळंतपणानंतर निदान कुणीतरी ‘कीगल कर’ (म्हणजे खालचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम) म्हणतं, सिझरवालीला तेवढंही कुणी सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात दर १०० बाळंतपणांत २५ सिझर होती, गोव्यात ४० च्या घरात. म्हणजे हा थोडक्या बायकांचा प्रश्न नाही. फिजिओ, नर्सिंग, स्त्रीरोग, योग या क्षेत्रांतल्या आयडींनी भर घालावी. अनुभव लिहायला वेगळा धागा आहे, इथे नेमकी माहितीच द्यावी ही विनंती.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते, तीच पेल्विक फ्लोअर. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर विसावतात. लघवी, संडास, वायू रोखणं आणि सोडणं तिच्याच हातात असतं. नऊ महिने वाढत्या गर्भाचं वजन ती पेलते आणि संप्रेरकांमुळे तिच्या आसपासचे बंध सैल होतात. हे सगळं कळा यायच्या आधीच होऊन गेलेलं असतं. त्यातून पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं, बराच वेळ जोर केला आणि मग बाळ अडलं म्हणून सिझर झालं असेल, तर ताण आणखी वाढतो. ठरवून केलेल्या सिझरमध्ये खोकताना लघवी सुटण्याचा किंवा अंग बाहेर येण्याचा धोका नॉर्मलपेक्षा कमी असतो, पण शून्य नसतो.

आता पोटाकडे बघू. आडवा छेद साधारण १० ते १५ सेंमीचा. त्वचा, चरबी, स्नायूंवरचं चिवट आवरण, पोटाचं आतलं अस्तर आणि गर्भाशय हे कापलं जातं. पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. तरीही दुखण्याच्या भीतीने पोटाचे खोल स्नायू कामच सोडून देतात. हे स्नायू, श्वासाचा पडदा आणि पेल्विक फ्लोअर एकमेकांच्या तालावर चालतात, त्यामुळे एक थांबला की बाकीच्यांचं गणित बिघडतं. कुणाची झोळी ढिली पडते, तर कुणाची दुखणं टाळायला सतत आवळलेली राहते. दोन्हीत लघवी सुटू शकते! उपाय मात्र अगदी उलटे आहेत. म्हणूनच सरसकट ‘रोज १०० कीगल’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

---

सोनचाफा

फार गरजेचा धागा. वॉर्डातल्या पहिल्या दोन दिवसांचं लिहिते, कारण तिथे चुकलं तर पुढे महागात पडतं.

लघवीची नळी बहुतेक ठिकाणी १२ ते २४ तासांत काढतात. काढल्यापासून ६ तासांच्या आत लघवी झाली पाहिजे, आणि ती मापात धरून बघायची. १५० मिलीपेक्षा कमी झाली, किंवा मूत्राशय भरल्याची जाणीवच नसेल, तर लगेच सिस्टरला सांगायचं. कण्यातल्या भुलीनंतर ही जाणीव काही काळ बोथट असते. गच्च भरलेलं मूत्राशय थेंबथेंब गळायला लागतं आणि नातेवाईक म्हणतात ‘ताकद गेली’. तिथे व्यायामाचा काही उपयोग नाही, पुन्हा नळी घालून मूत्राशय रिकामं करावं लागतं. नळी असेपर्यंत आवळण्याचा कुठलाही व्यायाम नको.

पलंगावरच सुरू करण्यासारखं : दर तासाला दोन्ही पावलं वर-खाली २० वेळा (पायात गुठळी होऊ नये म्हणून), आणि हात पोटावर ठेवून ५ सावकाश श्वास.

उठताना सरळ उठायचं नाही. गुडघे दुमडा, खांदे आणि कंबर एकत्र कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा, मग कोपर आणि तळहाताने रेटत, श्वास सोडत बसतं व्हा. निदान ६ आठवडे असंच उठायचं. खोकला आला तर उशी किंवा घडी केलेली चादर टाक्यांवर दाबून धरा, थोडं पुढे वाका आणि घशातून ‘हा’ असा फुंकर टाकल्यासारखा खोका.

---

तिखटमीठ

घरी आल्यावर पोट बांधणं, शेक-शेगडी आणि मालिश हे तिन्ही आलंच. यातलं काय चालतं? आणि सव्वा महिना पडूनच राहायचं का?

---

कृष्णाकाठ

@तिखटमीठ, पडून राहण्याच्या प्रश्नाचं आधी. विश्रांती हवी, पण पडून राहणं नको. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात ५-५ मिनिटं दिवसातून चार-पाच वेळा, दुसऱ्या-तिसऱ्यात १० ते १५ मिनिटं, सहाव्यापर्यंत ३० मिनिटं सलग चालता आलं तर उत्तम. चालल्यावर अंगावरून जाणं अचानक वाढलं किंवा खाली जडपणा आला, तर मागच्या टप्प्यावर या.

पोट बांधण्याबद्दल : इलॅस्टिकचा पट्टा आणि नऊवारीचा घट्ट पिळा एकच नव्हेत. पोटाला खालून वर आधार देणारा पट्टा पहिले २ ते ६ आठवडे चालताना, खोकताना बरा. कमरेशी आवळून बांधलेलं लुगडं मात्र पोटातला दाब खाली ढकलतं आणि तो सगळा त्या सैल झोळीवर येतो. पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. झोपताना काढा, जेवताना सैल करा. पट्टा बांधल्यावर खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटलं तर तो घट्ट आहे किंवा उलटा बसलाय. आणि त्याने पोट ‘आत जात’ नाही, ते काम स्नायूंचंच.

---

सोनचाफा

पट्ट्याला माझा थोडा जास्त पाठिंबा आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याच्या आधाराने बाई लवकर उठून चालते, आणि लवकर चालण्याचे फायदे मोठे आहेत. दोन बोटांचा नियम मात्र अगदी बरोबर.

शेगडीबद्दल कळकळीने सांगते. टाक्यांच्या वरच्या-खालच्या त्वचेला कित्येक महिने बधिरपणा असतो. तिथे निखाऱ्याचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक दिला तर चटका कळतच नाही, थेट फोड दिसतो. पाठीला, कमरेला कोमट शेक चालेल, टाक्यांजवळ नाही. मालिशवाल्या मावशींना हात-पाय-पाठ करू द्या, पोट नाही. एका पोटरीला सूज, लाली, दाबल्यावर दुखणं असं असेल तर त्या पायाला हातही लावू देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

---

मंजिष्ठा

स्त्रीआरोग्य फिजिओथेरपीच्या बाजूने लिहिते. जरा लांबेल.

नेमका स्नायू सापडणं ही पहिली पायरी, आणि बहुतेकींची चूक इथेच होते. कुशीवर झोपा, गुडघ्यांत उशी घ्या. चारचौघांत वायू रोखायचा आहे अशी कल्पना करून मागचं दार आत घ्या, मग तीच ओढ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि वर उचला. श्वास सोडताना उचलायचं, घेताना पूर्ण सोडायचं. कुल्ले, मांड्या आवळल्या, श्वास कोंडला किंवा भुवया ताणल्या, तर दुसरेच स्नायू राबताहेत. आरशात बघितलं तर योनी आणि गुदद्वाराच्या मधली जागा आत-वर जायला हवी. ती बाहेर फुगत असेल तर तुम्ही आवळत नाही, कुंथताय. तसा व्यायाम महिनाभर केला तर नुकसानच. लघवीची धार मध्येच तोडून सराव करायचा नाही, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं व्हायची सवय बिघडते.

नळी निघाल्यावर, दुखणं सोसवेल इतकंच : ३ सेकंद हलकं उचला, ६ सेकंद सोडा, असं ५ वेळा, दिवसातून ३ दा. दोन आठवड्यांनी ५ सेकंद धरा, ८ वेळा. बाळाला पाजून झाल्यावर केलं की लक्षात राहतं. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१९ ची शिफारस साधी आहे : एका वेळी किमान ८, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. तीन आठवड्यांत सोडून देणाऱ्या खूप असतात. स्नायू जाड आणि दमदार व्हायलाच दोन-तीन महिने लागतात, त्याआधी फक्त मेंदूला तो सापडायला लागलेला असतो.

सहा आठवड्यांनंतर प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी. फिजिओ हातमोजा घालून, वंगण लावून एका बोटाने योनीमार्गातून तपासते. ताकद ० ते ५ मध्ये मोजते, किती सेकंद धरता येतं, दमण्याआधी किती वेळा, झटपट किती आणि, सर्वांत महत्त्वाचं, पूर्ण सुटतं का. समजा ताकद ३, धारणा ४ सेकंद, अशी ५ वेळा, झटपट ६. मग घरचा व्यायाम ४ सेकंद गुणिले ५ आणि ६ झटपट, एवढाच! इंटरनेटवरचे १० सेकंद गुणिले १० तिने केले तर पाचव्या सेकंदाला कुल्ले कामाला लागतात. दर दोन-तीन आठवड्यांनी एखादा सेकंद, एखादी आवृत्ती वाढवायची. झोपून जमलं की बसून, मग उभ्याने, मग बाळ उचलताना.

ही तपासणी सक्तीची नाही. नको असेल तर बाहेरून बघून, हाताने स्पर्श करून किंवा पोटावरून सोनोग्राफीने बरंच कळतं. ‘नको’ म्हणायचा हक्क तपासणी अर्धी झाल्यावरही असतो.

---

देवकी_न

व्यायामाने खालचं दुखणं वाढत असेल, संबंध दुखत असतील, लघवी सुरू व्हायलाच वेळ लागत असेल, तर?

---

मंजिष्ठा

@देवकी_न, ही आवळलेल्या स्नायूची लक्षणं आहेत. कीगल पूर्ण बंद. सतत मूठ आवळून ठेवलेला स्नायू दमलेलाच असतो, खोकला आला की त्याच्याकडे वर उचलायला जागाच उरत नाही, म्हणून लघवी सुटते.

आधी सोडायला शिकायचं. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा. नाकाने श्वास घ्या, बरगड्या बाजूला आणि पोट वर येऊ द्या, त्याच वेळी बैठकीची दोन हाडं एकमेकींपासून लांब जाताहेत असं मनात धरा. ५ मिनिटं, दिवसातून दोनदा. टाके सोसू लागले, साधारण सहा आठवड्यांनी, की गुडघे फाकवून उशीवर बालासन २ मिनिटं. योनीच्या आतल्या दुखऱ्या बिंदूंवर दाब देणं फिजिओचं काम, मग ती घरी कसं करायचं ते शिकवते. आवळण्याचा व्यायाम स्नायू पूर्ण सुटायला लागल्यावरच.

अंगावर पाजताना इस्ट्रोजेन कमी असतं, कोरडेपणा त्याचाच. पाण्याधारित वंगण वापरा. त्याने भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ लावायचं औषध देतात.

---

शंखपुष्पी

स्त्रीरोगाच्या अंगाने महत्त्वाची भर. खोकताना, शिंकताना थेंब गेले तर फिजिओ. लघवी दिवसरात्र सतत, झोपेतही, हालचाल नसतानाही गळत असेल तर फिजिओकडे वेळ घालवू नका. सिझरमध्ये क्वचित मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा होते आणि योनीपर्यंत आडवाट तयार होते. तिचं निदान आणि दुरुस्ती युरोलॉजिस्टकडेच.

तातडीने दाखवायची बाकी लक्षणं : ताप, टाक्यांतून पू किंवा पसरती लाली, अंगावरून घाण वास, तासाला एक पॅड पूर्ण भिजणं, धाप लागणं, डोकं फार दुखून नजर अंधुक होणं, मांड्यांमधल्या भागाची जाणीव जाणं.

छेदाच्या एका कोपऱ्यातून जांघेत जळजळती कळ जात असेल तर नस टाक्यात किंवा व्रणात अडकलेली असू शकते. नुसता बधिरपणा मात्र नेहमीचा, तो महिनोन् महिने सावकाश कमी होतो.

---

तिखटमीठ

व्रणाची मालिश कधी, कशी?

---

मंजिष्ठा

जखम पूर्ण मिटली, खपली नाही, ओल नाही आणि सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी हो म्हटलं की. त्याआधी फक्त पोटावर तळहात ठेवून स्पर्शाची सवय करा. बऱ्याच जणींना तिकडे बघवतही नाही, आणि त्याची घाई करू नये.

पहिला आठवडा व्रणाच्या वर-खाली २-३ सेंमीवर. साधं खोबरेल दोन थेंब पुरे, जास्त तेलाने बोट घसरतं आणि खालचा थर हलतच नाही. दोन बोटं त्वचेवर टेकवा आणि त्वचेसकट हलवा : वर-खाली, डावी-उजवी, मग लहान गोल. जिथे अडकतं तिथे ३० सेकंद थांबा. पुढे व्रणावरच, मग चिमटीत उचलून गुंडाळल्यासारखं. ५ ते १० मिनिटं, दिवसातून एकदा. ओढ चालेल, तीव्र कळ नाही. लाली तासाभरात गेली नाही तर दुसऱ्या दिवशी जोर कमी करा. स्पर्श सोसत नसेल तर आधी कापूस, मग मऊ सुती साडीचा पदर, मग टॉवेल असा क्रम ठेवा.

व्रण खाली चिकटला की मूत्राशय भरताना ओढ लागते आणि सारखं जावंसं वाटतं. म्हणूनच ‘सारखी लागते’ या तक्रारीतही पोटावरचा व्रण तपासायचा असतो.

---

कृष्णाकाठ

सारखी लागण्याबद्दल आणखी. तीन दिवस नोंद ठेवा : मिलीच्या खुणा असलेला प्लॅस्टिकचा मग घ्या, प्रत्येक वेळची लघवी आणि प्यायलेलं पाणी लिहा. दिवसात ६ ते ८ वेळा, दर वेळी साधारण ३०० मिली हे ठीक. घराबाहेर पडताना ‘असू दे, जाऊन येते’ ही सवय मूत्राशयाला लहान करते. घाई आली की धावू नका. जागीच थांबा, ५-६ वेळा झटपट आवळा-सोडा, लाट ओसरली की चालत जा.

बद्धकोष्ठाचं औषध व्यायामाइतकंच महत्त्वाचं, कारण रोजच्या कुंथण्याने सगळी कमाई जाते. लोहाच्या गोळ्यांनी शौच कडक होते. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. इसबगोल एक-दोन चमचे, पण वर पेलाभर पाणी हवंच. कमोड असेल तर पायाखाली २० सेंमी उंचीचा पाट, कोपरं गुडघ्यांवर, टाक्यांवर घडीचा टॉवेल, तोंड उघडं, लांब ‘मूऽऽ’ म्हणत सोडायचं. भारतीय पद्धतीचा संडास एरवी चांगलाच. पहिल्या दोन आठवड्यांत मात्र उकिडवं बसून उठताना टाके ओढतात, म्हणून भिंतीला पकड हवी.

---

देवकी_न

पोटाच्या उभ्या स्नायूंमध्ये पडलेल्या फटीचं काय? आणि सूर्यनमस्कार, कपालभाती?

---

योगिनी_सातारा

सहा आठवड्यांनंतर पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, बेंबीवर बोटं आडवी ठेवा आणि फक्त डोकं उचला. बेंबीपाशी, वर आणि खाली, तीन जागी बघा. दोन बोटांपेक्षा रुंद असेल तर लक्ष द्यायला हवं, पण रुंदीपेक्षा मधला पडदा ताठ होतो का हे जास्त मोलाचं. गर्भारपणाच्या शेवटी ही फट जवळपास सगळ्यांना असते, तिची भीती नको.

कुठल्याही आसनात पोट मधोमध शिखरासारखं उभं राहिलं तर ते आसन अजून नको. सुरुवात टाच सरकवणं, एक गुडघा बाजूला सोडणं, मग सेतुबंध; प्रत्येकी ८-१०, श्वास सोडताना हालचाल. नौकासन, दोन्ही पाय एकदम उचलणं, सिट-अप्ससारखे पोटाचे व्यायाम नंतर. कपालभातीतला प्रत्येक झटका पोटातला दाब वाढवतो. तीन महिन्यांच्या आत नकोच, नंतरही खालची उचल टिकते का हे तपासून. सूर्यनमस्कारातलं भुजंगासन व्रणाला सरळ ताणतं, म्हणून आधी नुसतं पालथं झोपणं, मग कोपरांवर, मग पूर्ण.

---

मंजिष्ठा

योगिनीताईंशी सहमत. धावण्यासाठी २०१९ साली ब्रिटनमधल्या तीन फिजिओथेरपिस्टनी दिलेल्या चाचण्या उपयोगी आहेत : १२ आठवडे पूर्ण, मग ३० मिनिटं चालणं, एका पायावर १० सेकंद तोल, एका पायावर १० बैठका, जागच्या जागी १ मिनिट जॉगिंग, लंगडीसारख्या प्रत्येक पायावर १० उड्या. गळती, जडपणा, दुखणं यांपैकी काहीही आलं तर अजून थांबा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

---

लियॉनकर

फ्रान्समध्ये प्रसूतीनंतर पेल्विक फ्लोअरच्या उपचारांच्या १० सत्रांचा खर्च सरकारी विमा देतो, सिझर असो वा नॉर्मल. त्यामुळे इथे तो रिवाजच आहे, लाजायचा प्रश्न येत नाही.

---

सोनचाफा

आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, म्हणजे नोकरदार बाईला तीन महिन्यांचा व्यायाम रजेतच बसवता येतो. शेतावर, बांधकामावर जाणारीला ते कुठलं. तिच्यासाठी निदान एवढं : सहा आठवडे बाळापेक्षा जड काही नको. पाणी आणावंच लागलं तर हंडा भरून एक खेप न करता कळशीच्या दोन करा, भांडं अंगालगत धरा, आधी खालून आवळा आणि श्वास सोडत उचला. फरशी बसून न पुसता उभ्याने मॉपने पुसा.

---

तिखटमीठ

ऑनलाइन मिळणारी, खालचे स्नायू आवळायला लावणारी विजेची यंत्रं किंवा योनीत धरायचे वजनाचे गोळे घ्यावेत का?

---

मंजिष्ठा

स्वतःहून नाही. विजेचं उत्तेजन अशा बाईसाठी, जिला स्वतःहून आवळताच येत नाही, आणि तेही तपासणीनंतर. जिला येतं तिला त्याचा वेगळा फायदा नाही. आवळलेल्या स्नायूवर वजनाचा गोळा म्हणजे दुखणं वाढवणं. तो पैसा दोन तपासण्यांवर घाला.

फिजिओ निवडताना बी.पी.टी. किंवा एम.पी.टी. पदवी आणि महाराष्ट्रात असाल तर राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी विचारा. शिवाय तीन प्रश्न : अंतर्गत तपासणीचं प्रशिक्षण आहे का? सोबत बाई असेल का? माझा व्यायाम किती सेकंदांचा आणि किती वेळा, हे कशावरून ठरवणार? तिसऱ्याचं उत्तर ‘सगळ्यांना हाच तक्ता देतो’ असं आलं तर दुसरीकडे जा.